नऊ जणांच्या टाळ्या

२२ डिसेंबर

टिटवे,

मी तुझ्या शहरात आहे. दचकू नकोस, दारात उभा नाही. तुझ्या घराच्या सात बसथांबे अलीकडे एक तीन मजली हॉटेल आहे, त्याच्या दुसऱ्या मजल्यावर बसून लिहितो आहे. उद्या सकाळी हे पत्र तुझ्या दारावरच्या पेटीत टाकीन आणि घंटी न वाजवता परत फिरेन. एवढा शब्द देतो.

पत्ता तुझ्या आईच्या वहीत सापडला. ती गेल्यावर दोन वर्षं मी त्या वहीला हात लावला नव्हता. उघडली तर पहिल्याच पानावर औषधांच्या वेळा, गॅसवाल्याचा नंबर, आणि त्याखाली तू. तुझा फोन आला की ती स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. मी बाहेर वर्तमानपत्र वाचत बसायचो. म्हणजे वर्तमानपत्र धरून बसायचो.

एकटा आलो नाही. तुझ्या बापाला एकट्याने विमान बदलता येत नाही हे तुला ठाऊक आहे. एका सहलीबरोबर आलो. अकरा माणसं, बहुतेक निवृत्त. सहल नेणारी मुलगी तिशीची आहे. तिच्या हातात सदा एक पिवळा झेंडा असतो, म्हणून सगळे तिला कॅप्टन म्हणतात. माझ्या खोलीत एक टेलरमास्तर आहेत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "नेते, आयुष्यभर परदेशी जाणाऱ्यांचे कोट शिवले. म्हटलं, मरायच्या आधी एकदा ते कोट जातात कुठे ते तरी बघावं." स्वतःसाठी त्यांनी जाड लोकरीचा कोट शिवून आणलाय. आम्ही सगळ्यांनीच लोकरीचं सामान आणलंय. डिसेंबर, नाताळ, म्हणजे बर्फ, हे आम्ही भेटकार्डांवरून शिकलेलो. उतरलो तर इथे डांबर वितळतंय. कॅप्टन म्हणाली, "काका, फॉर्मवर लिहिलं होतं मी, तिकडे उन्हाळा असतो म्हणून." मास्तर म्हणाले, "अगं बाई, फॉर्म वाचायला असतो का? तो सही करायला असतो."

आता मुद्द्यावर येतो.

बारा वर्षं झाली. तू मला पत्र लिहिलंस, तुझा नवरा तुला मारतो म्हणून. त्यातल्या चार ओळी मी सभेत वाचून दाखवल्या. त्यानंतरचा एक फोन सोडला तर तू माझ्याशी बोललेली नाहीस. आईच्या वेळी आलीस तेव्हाही मावशीकडे उतरलीस आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिलीस. या बारा वर्षांत मी स्वतःला एकच प्रश्न विचारत आलो: माझं चुकलं काय? ज्या समाजात बाईने मार खाऊन गप्प बसण्यालाच संसार म्हणतात, त्या समाजाला आरसा दाखवणं हा गुन्हा असेल, तर तो मी केला. मैदानात पाच हजार माणसं होती. समाज नुसत्या आकड्यांनी हलत नाही, त्याला हाडामांसाचं माणूस दाखवावं लागतं. मी दुसऱ्याच्या लेकीचं उदाहरण दिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, स्वतःच्या घरातलं बोला की. समाजाने सुधारकांना नेहमी हेच विचारलंय. म्हणून मी घरातलं बोललो. नाव घेतलं नाही. ओघात बोलून गेलो. त्यानंतर कितीतरी बायका आमच्या कचेरीच्या पायऱ्या चढून आल्या, त्यांचे चेहरे तू पाहिलेले नाहीस. समाजाचं काम करणाऱ्याच्या घराला दारं नसतात, हे तुला लहानपणापासून माहीत होतं. समाजासाठी कुणीतरी उघडं पडावंच लागतं.

मी इथे पाच दिवस आहे. सत्तावीसला दुपारी विमान. हॉटेलचा नंबर खाली लिहितो. तुला वाटलं तर फोन कर.

तुझा,
बाबा


२४ डिसेंबर

टिटवे,

फोन आला नाही. खाली हॉटेलच्या स्वागताच्या टेबलाशी एक वयस्कर गृहस्थ बसतात. मी जिना उतरताना दिसलो की ते मी विचारायच्या आधीच मान हलवतात. काल चार वेळा हलवली, आज सहा वेळा. बिचाऱ्याची मान धरेल.

हे पत्र तुला देणार नाही, म्हणून यात खरं लिहायला हरकत नाही.

काल तुझ्या दारापर्यंत आलो होतो. पायपुसण्यावर चपलांचा एकच जोड. खिडकीत टोमॅटोच्या तीन कुंड्या, नुकतंच पाणी घातलेलं, माती अजून काळी होती. म्हणजे तू आत होतीस. पेटीत पत्र पडल्याचा आवाज मला आला, तो तुलाही आला असेल. शब्द दिल्याप्रमाणे घंटी वाजवली नाही. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि तिथल्या भिंतीच्या सावलीत बराच वेळ उभा राहिलो. हे मात्र शब्दात बसत नव्हतं.

परत आल्यावर त्या पत्राची कच्ची प्रत वाचली. तुला माहीत आहे, मी काहीही लिहिलं तरी आधी कच्चं लिहितो. वाचता वाचता समासाकडे लक्ष गेलं. समासात पेन्सिलीने उभ्या रेघा होत्या. "तर तो मी केला" याच्यापुढे एक रेघ. "घरातलं बोलूनच गेलो" असं आधी लिहिलं होतं, ते खोडून वाक्य छोटं केलेलं, आणि पुढे दोन रेघा.

त्या रेघा म्हणजे काय हे तू लहान असताना मला विचारलं होतंस. मी सांगितलं होतं, एक रेघ म्हणजे श्वास घ्यायचा. दोन रेघा म्हणजे थांबायचं, लोकांना टाळ्या वाजवू द्यायच्या.

मी तुला लिहिलेल्या पत्रात टाळ्यांसाठी जागा सोडली होती.

तेव्हा आता लिहूनच टाकतो. तुझं ते पत्र सभेच्या चार दिवस आधी आलं होतं. त्यात तू लिहिलं होतंस, "बाबा, हे फक्त तुम्हाला सांगते आहे. मी अजून काही ठरवलेलं नाही. तुम्ही काहीही करू नका, फक्त कुणाला तरी माहीत असू दे." मी त्याच संध्याकाळी तुझ्या शाळेत फोन करून तुला म्हणालो होतो, माझ्यापाशीच राहील. तू "बरं" म्हणालीस. तुझ्यामागे वर्गातल्या पोरांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

मी ओघात बोललो नाही. सभेच्या आदल्या दिवशी टेबलाशी बसून मी तुझ्या पत्रातल्या चार ओळी निवडल्या. सहा निवडल्या होत्या, दोन गाळल्या, लांबण लागत होती म्हणून. "त्याने गरम तव्याचा चटका दिला" ही ओळ शेवटी ठेवली, कारण तिच्यानंतर काही बोलताच येत नाही. तिच्यापुढे दोन रेघा मारल्या. तुझी आई चहा घेऊन आली, कागदाकडे बघून म्हणाली, "हे तिचं अक्षर आहे." मी म्हणालो, "तू यात पडू नकोस." पुढची दहा वर्षं ती कशातच पडली नाही.

आणि नाव घेतलं नाही म्हणे! मी "माझी मुलगी" म्हणालो होतो. मला आहेत किती मुली?

दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात आलं. तुझ्या शाळेच्या फाटकाशी पालक तुझा भाजलेला हात बघायला थांबले. तुझ्या सासरी तुला ते वर्तमानपत्र समोर धरून पुन्हा मारलं. हे मला तुझ्या मावशीने सांगितलं, तेही तीन वर्षांनी. तू अंगावरच्या साडीनिशी निघालीस, पण माझ्याकडे आली नाहीस. एकदाच फोन केलास. "ते घर मला सोडायचंच होतं बाबा, पण माझ्या पायांनी. तुम्ही मला टाळ्यांवर बसवून बाहेर काढलंत."

मी तुला काय उत्तर दिलं आठवतं? म्हणालो, "पण बाहेर काढलं ना?"

इथे दुकानांच्या काचांवर कापसाचा बर्फ चिकटवलाय आणि त्याच्या खाली लोक अर्ध्या चड्ड्या घालून घाम पुसतायत. मास्तर म्हणाले, "नेते, ह्यांनासुद्धा कुणीतरी चुकीचीच भेटकार्डं पाठवलेली दिसतात." सगळे हसले. मीही हसलो. खोलीत आल्यावर हे लिहायला बसलो.

बाबा


२५ डिसेंबर, संध्याकाळ

टिटवे,

आज मी ते पुन्हा केलं.

सांगतो. ऊन अजून खिडकीत आहे, इथे ते मावळायचं नाव घेत नाही. हेही पत्र तुला देणार नाही असं ठरवून बसलोय, तरी तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला लिहू?

सकाळी कॅप्टनच्या लक्षात आलं की आज सगळं बंद. हॉटेलचं स्वयंपाकघर बंद, कोपऱ्यावरचं उपाहारगृह बंद. टेबलावरचे गृहस्थ आमच्या हातात किल्ली देऊन मुलाबाळांकडे निघून गेले. अकरा माणसं नाश्त्याच्या खोलीत रिकाम्या बशांसमोर बसलेली. मास्तर म्हणाले, "काय कॅप्टन, आता तो झेंडा शिजवायचा की तळायचा?" पोरगी रडवेली झाली. तेव्हा सिस्टर उठल्या.

सिस्टर म्हणजे आमच्यातल्या एक बाई. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं परिचारिका होत्या. नाताळ त्यांचा स्वतःचा सण, पण त्या दिवशी ड्युटी नेहमी त्याच घ्यायच्या. "इतरांना पोरंबाळं होती. माझी वाट बघायला होतं कोण?" त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षांत पहिला नाताळ आहे की मला कुणी घंटी वाजवून बोलावणार नाही. उपाशी नाही घालवायची मी." पेट्रोल पंपावरचं दुकान उघडं होतं. तिथून ब्रेड, अंडी, बटाटे आणि आइस्क्रीम आलं. प्रत्येकाच्या पिशवीतून घरची लोणची निघाली. अकरा पिशव्या, नऊ लोणची! मास्तरांनी हट्टाने लोकरीचा कोट चढवला, "शिवलाय तर एकदा अंगाला लागू दे," आणि घामाघूम होत ब्रेडच्या कडा अशा कापल्या की एक सूतभर इकडेतिकडे नाही. टिटवे, मला फार बरं वाटत होतं. दोन वर्षांत इतक्या माणसांबरोबर जेवलो नव्हतो.

जेवण झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आज घरचं कोण आठवतंय ते प्रत्येकाने सांगायचं. थोडक्यात." मास्तरांनी बायकोची गोष्ट सांगितली. ती त्यांनी शिवलेलं एकही पोलकं नीट बसलं असं कधी म्हणाली नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून एकही शिवून घेतलं नाही. कॅप्टन म्हणाली, मला माझी आई आठवते, पण ती आत्ता फोनवर भांडत असल्यामुळे फारशी नाही. मग मास्तर म्हणाले, "आता नेते. पण नेते, बसूनच बोला हं, नाहीतर संध्याकाळ व्हायची."

मी उभा राहिलो.

"या शहरात, इथून सात थांब्यांवर, माझी मुलगी राहते," अशी सुरुवात केली. खोली शांत झाली. ती शांतता मला ओळखीची आहे. ती आली की माझ्या आवाजाला आपोआप धार चढते. मला सांगायचं एवढंच होतं की मला तू आठवतेस. पण तेवढं सांगून मला थांबता येईना. मी पत्राचं सांगितलं. नवऱ्याचं सांगितलं. त्या चार ओळी अजून पाठ आहेत, त्या म्हटल्या. मी कसा चुकलो तेही सांगितलं. टिटवे, पश्चात्तापाचंसुद्धा मी भाषण केलं, आणि चांगलं केलं. शेवटी तव्याची ओळ आली. त्या ओळीनंतर मी थांबलो. मनातल्या मनात मोजलं, एक, दोन.

टाळ्या झाल्या. मास्तर कोटाच्या बाहीने डोळे पुसत होते.

समोर दहा माणसं होती. नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर बशा गोळा करत होत्या.

तेव्हाच कॅप्टन डोळे पुसत म्हणाली, "काका, काय बोलता हो तुम्ही! मी सगळं रेकॉर्ड केलंय. सहलीच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा."

मी खुर्चीची पाठ धरून म्हणालो, "काढ ते. काढ." तिला कळेना. "अहो, पण किती छान झालंय…" सिस्टरनी बशा खाली ठेवल्या, ओल्या हातानेच तिचा फोन मागितला, मग एकेकाचा. सगळ्यांसमोर उभं राहून सगळ्यांना ते रेकॉर्डिंग पुसायला लावलं. वॉर्डात गोळ्या गिळायला लावाव्या तसं. "मास्तर, तुमचा?" "पुसला." "दाखवा." मास्तरांनी मुकाट्याने दाखवला. फोनमधलं गेलं. डोक्यातलं कसं जाणार?

नंतर सिस्टर बशा विसळत होत्या आणि मी पुसत होतो. मी म्हणालो, "सिस्टर, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्हाला पहिल्या महिन्यात सुई टोचायला शिकवत नाहीत. पडदा ओढायला शिकवतात. पेशंटला हात लावायच्या आधी पडदा." मग नळ बंद करून म्हणाल्या, "तुमच्या लेकीने तुम्हाला सांगितलं होतं. आम्हाला नव्हतं सांगितलं."

जित्याची खोड म्हणतात ती हीच. बारा वर्षं मला वाटत होतं, त्या दिवशी माझ्यातला कार्यकर्ता बापापेक्षा मोठा झाला. तसं सांगायला बरंही वाटायचं. आज समोर समाज नव्हता, अन्याय नव्हता, हलवायचं काहीच नव्हतं. दहा माणसं आणि वितळलेलं आइस्क्रीम होतं. तरी मी तेच केलं. म्हणजे तेव्हाही ते समाजासाठी नसणार.

बाबा


२७ डिसेंबर, विमानतळ

टिटवे,

हे पत्र इथल्याच टपालपेटीत टाकतो. चोवीस आणि पंचवीसची पत्रंही याच पाकिटात घालतो आहे. ती तुला द्यायची नव्हती, पण काल तू जे विचारलंस त्याचं पुरतं उत्तर त्यांतच आहे.

कालची भेट तुला सांगायला नको, तू तिथेच होतीस. पण माझ्या बाजूने ती कशी दिसली हे तुला माहीत नाही.

सकाळी टेबलावरचे गृहस्थ जिना चढून वर आले आणि मान हलवायच्या ऐवजी त्यांनी दारावर टकटक केली. फोनवर तू एवढंच म्हणालीस, "साडेअकराला. बस डेपोचं कँटीन. मला तीस मिनिटं सुट्टी असते." मला वाटलं, डेपो तुझ्या कचेरीजवळ असेल. आईने मला सांगितलं होतं की तू वाहतूक खात्यात आहेस. मी मनात टेबल, खुर्ची, पंखा असं लावून ठेवलं होतं. तू आत आलीस ती गणवेशात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर टोपीचा वळ. मागच्या मोठ्या काचेतून तू आणलेली बस दिसत होती.

तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहितो, कारण आता लपवून उपयोग नाही. चाळीस वर्षं मी डेपोंच्या फाटकांवर उभा राहून ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी घसा फोडला. आणि माझी गणिताची शिक्षिका मुलगी ड्रायव्हर झालेली बघून माझ्या मनात आलं, अरेरे. ते तुला माझ्या चेहऱ्यावर दिसलं. तू म्हणालीस, "इतक्या डेपोंवर भाषणं केलीत, कँटीनमध्ये कधी बसला होतात का?" नव्हतो. फाटकाच्या आत मी कधी गेलोच नव्हतो.

तू डबा उघडलास. माझं पत्र डब्याखाली घडी घालून ठेवलेलं होतं.

"एका पत्रात सहा वेळा समाज आहे," तू म्हणालीस. "मोजलेत. माफी एकदाही नाही."

"मी चुकलो," मी म्हणालो.

"हे पाठ करून आलात?"

"हो. बसमध्ये."

तू हसलीस. ते हसू तुझ्या आईचं होतं, पण तिच्यापेक्षा कोरडं. मग विचारलंस, "तुमच्याबरोबर किती माणसं आहेत?"

"अकरा. मला धरून."

"त्यांना सांगितलंत माझ्याबद्दल?"

टिटवे, त्या प्रश्नाला नाही म्हणणं फार सोपं होतं. तुला कळलंही नसतं. माझ्या तोंडात नाही तयार होतं, आणि ते तुला खरं वाटावं म्हणून नंतर जरा थांबायचंही मी मनात ठरवलं होतं. त्या थांबण्याचीच मला शिसारी आली.

"हो," मी म्हणालो. "काल. जेवताना."

"किती सांगितलंत?"

"सगळं."

"उभे राहून?"

"उभं राहून."

"टाळ्या?"

"नऊ जणांच्या."

तुझा घास हातातच राहिला. "दहावा कोण?"

"एक सिस्टर आहेत."

"त्यांना माझा नमस्कार सांगा," तू म्हणालीस, आणि डब्याला झाकण लावलंस. अर्धं जेवण तसंच होतं. मला वाटलं, आता उठणार. घड्याळात सतरा मिनिटं उरली होती. माझ्याकडे बोलायला काही नव्हतं, म्हणजे होतं, पण जे जे जिभेवर येत होतं ते सगळं तयार केलेलं होतं. ते मी एकेक करून गिळत गेलो. बाजूच्या यंत्रात कुणाचं तरी नाणं अडकलं होतं, एक जाडा ड्रायव्हर त्याला गुद्दे मारत होता. तू घड्याळ बघत होतीस. आयुष्यात कुठल्याच माणसासमोर मी इतका वेळ गप्प बसलो नव्हतो, तुझ्या आईसमोरसुद्धा नाही.

मग, शेवटची पाच मिनिटं असताना, तू बोललीस.

ते मी इथे लिहिणार नाही. तू जाणतेस, मी जाणतो. कागद एकदा हातातून सुटला की कुणाकुणाला भेटतो, हे आपल्या दोघांना माहीत आहे.

बोलून झाल्यावर तू टोपी घातलीस. मी घरी येऊ का, असं मी विचारलं नाही, आणि तूही या म्हणाली नाहीस. दारात थांबून म्हणालीस, "बाबा, हे मी तुम्हाला का सांगितलं, मलाच माहीत नाही. पुन्हा सांगेन असं समजू नका." मी मान हलवली. बस निघताना तू आरशात बघितलंस, पण ते मागच्या गाडीसाठी असेल.

मी हॉटेलात पोचलो तेव्हा सगळे खालच्या खोलीत बसले होते. मुद्दामच बसले होते. कॅप्टनने शहर दाखवायची फेरीसुद्धा पुढे ढकलली होती. मी दारातून आत आलो आणि बोलणं थांबलं. तीच शांतता. मास्तर अर्धे उठले. "भेटली, नेते? काय म्हणाली?"

माझ्यापाशी जे होतं त्याने ती खोली रडली असती. मला माझा धंदा कळतो.

"भेटली," मी म्हणालो. "ऊन फार होतं."

"आणि?"

"आणि काय मास्तर, जाऊन आलो. सिस्टर, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

सिस्टरनी मान लववली. मी वर येऊन कपड्यांच्या घड्या घातल्या. तू माफ केलं नाहीस, ते मला कळलंय. या वयात मी बदललो असंही म्हणवत नाही. एक दिवस गप्प राहिलोय, एवढंच. बारा वर्षांपूर्वी हेच केलं असतं तर आज तू कुठे असतीस, तुझी आई त्या दाराआड फोनवर बोलली असती का, हे प्रश्न आता कितीही चांगल्या भाषेत मांडले तरी त्यांना उत्तर नाही.

चौदा तासांचा प्रवास आहे. माझ्या शेजारची जागा मास्तरांची. काल रात्रीपासून त्यांनी दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा तर अगदी कानाशी येऊन, "मला एकट्याला सांगा हो." चांगला माणूस आहे. विमानात तिसऱ्यांदा विचारतील. तेव्हा मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेईन.

तुझा,
बाबा